अठरा वाद्यं, अठरा वर्षं

आज एकाच कार्यक्रमाबद्दल बोलू, आणि खरं सांगायचं तर त्यातल्या एकाच रचनेबद्दल.

13 सप्टेंबर 2015. लंडनचा क्वीन एलिझाबेथ हॉल. 'चिनेके!' या ऑर्केस्ट्राचा पहिलाच कार्यक्रम. नाव नायजेरियातल्या इग्बो भाषेतलं. स्थापना केली चि-ची न्वानोकू यांनी. त्या डबल बास वाजवतात, म्हणजे व्हायोलिनच्या कुळातलं ते सगळ्यात थोरलं, खर्जातलं वाद्य. तीसेक वर्षं मोठमोठ्या मंचांवर वाजवलं, पण बहुतेक वेळा तिथे कृष्णवर्णीय त्या एकट्याच. म्हणून हा ऑर्केस्ट्रा.

त्या संध्याकाळी बीथोवन होता, ब्राम्स होता. आणि होती फिलिप हर्बर्ट या आजच्या कृष्णवर्णीय ब्रिटिश संगीतकाराची 1999 मधली 'एलेजी', म्हणजे शोकगीत. शब्द नाहीत, फक्त तंतुवाद्यं.

हे शोकगीत स्टीफन लॉरेन्ससाठी आहे. आईवडील जमैकाचे, मुलगा लंडनचा. 22 एप्रिल 1993 ला बसची वाट बघत असताना गोऱ्या तरुणांच्या टोळक्याने त्याला भोसकून मारलं. वय 18. पोलीस तपासात इतकी हेळसांड झाली, की 1999 च्या चौकशी अहवालाने पोलीस खात्यातच वंशभेद मुरलाय असं म्हटलं. दोघांना शिक्षा झाली, ती 2012 मध्ये!

आता रचनेची गंमत (गंमत हा शब्द इथे जड जातो, पण असो). आपल्या जुन्या हिंदी गाण्यांत व्हायोलिनांचा ताफा एकच ओळ वाजवतो ना, ऑर्केस्ट्रातही तसंच. दहा-बाराजण एका सुरात. एखादा गप्प बसला तरी पत्ता लागत नाही. हर्बर्टने वाद्यं घेतली अठरा, स्टीफनच्या प्रत्येक वर्षाला एक, आणि प्रत्येकाला स्वतंत्र ओळ दिली. एक काढा, तिथे भोक पडतं.

ऐकताना आक्रोश सापडत नाही. सूर संथ, मऊ, थेट व्हॉन विल्यम्सच्या इंग्लिश वळणाचे. काहींना हे फार गोड वाटेल. मला वाटतं, ताकद तिथेच आहे. ज्याला "तू इथला नाहीस" म्हणून मारलं, त्याला हर्बर्ट अस्सल इंग्लिश सुरांत निरोप देतो. आणि त्या संध्याकाळी ते वाजवत होते त्याच शहरातल्या मंचावर बसलेले कृष्णवर्णीय वादक.

साधारण दहा मिनिटांची रचना आहे. हेडफोन लावून ऐका.