घावाऐवजी दाब

अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यात, व्हरमाँट आणि मेनसारख्या राज्यांत, लाकूड जाळून घर उबदार ठेवणारी कुटुंबं आजही पुष्कळ आहेत. तिथे सरपण ‘कॉर्ड’ या मापाने मोजतात. ४ फूट रुंद, ४ फूट उंच आणि ८ फूट लांब असा रचलेला ढीग म्हणजे एक कॉर्ड, १२८ घनफूट. घर मोठं आणि थंडी कडक असली, की एका हिवाळ्यात असे चार-पाच ढीग सहज संपतात. हे सगळं लाकूड कोणाला तरी फोडावं लागतं. बरीच वर्षं कुऱ्हाडीने फोडल्यावर माणूस एके दिवशी हायड्रॉलिक यंत्राकडे वळतो, तेव्हा नेमकं काय बदलतं, हे नीट समजून घेण्यासारखं आहे.

आधी ओंडका फोडायचाच कशाला, ते पाहू. स्टोव्हच्या तोंडात मावावा हे एक कारण झालं, पण खरं कारण वाळवण्याचं आहे. झाडात पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या उभ्या, बुंध्याच्या लांबीने जातात. त्यामुळे कापलेल्या दोन टोकांतून पाणी लवकर निघतं, अंगातून फार हळू आणि सालीतून जवळपास नाहीच. ओंडका उभा फोडला की साल नसलेली नवी अंगं उघडी पडतात आणि ओल बाहेर पडायला वाट मिळते. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या खाली आल्याशिवाय ते जाळू नये. ओलं लाकूड जाळलं तर उष्णतेचा बराच भाग पाणी उकळण्यात जातो, धूर थंड पडतो आणि धुराड्याच्या आत डांबरासारखा थर धरतो. हा थर पेटला तर घराला आग लागू शकते. म्हणून येत्या थंडीचं लाकूड वसंतातच फोडून ठेवतात. ओकला तर कधीकधी दोन उन्हाळे द्यावे लागतात.

कुऱ्हाड हे काम कसं करते? फोडायची कुऱ्हाड तोडायच्या कुऱ्हाडीपेक्षा वेगळी असते. डोकं जाड, पाचरीसारखं, वजन पावणेतीन ते साडेतीन किलो. तिची धार थोडी आत शिरली, की तिचे फुगीर गाल लाकडाचे धागे दोन बाजूंना रेटतात आणि चीर धारेच्या पुढे धावते. लाकडाचे धागे लांबीने फार बळकट असतात, पण एकमेकांना चिकटलेले मात्र कमजोर. या कमजोरीचाच फायदा घ्यायचा असतो. घावातली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट. त्यामुळे सरावलेला माणूस जड कुऱ्हाडीमागे लागत नाही, तो घावाचा वेग वाढवतो. जानेवारीत गोठलेला, सरळ धाग्याचा अ‍ॅशचा ओंडका असेल तर एकाच घावात दोन फाळ्या होतात. त्या कामात फार मोठा आनंद आहे.

अडचण सुरू होते ती बेचक्याशी, गाठीशी आणि एल्मसारख्या झाडाशी. एल्मचे धागे एकमेकांत गुंतलेले असतात. आपल्याकडे चिंचेचं लाकूड फोडून पाहिलेल्याला हे वेगळं सांगायला नको. घावाची सगळी ऊर्जा एका क्षणात खर्च होते. चीर मध्येच थांबली, तर कुऱ्हाड अडकून बसते आणि पुढचा घाव पुन्हा पहिल्यापासून घालावा लागतो. खांदा, कोपर आणि कंबर यांची झीज इथेच होते. त्यात गेल्या काही वर्षांत एका किड्याने भर घातली आहे. अ‍ॅशच्या सालीखाली पोखरणारा हिरवा भुंगा मिशिगनमध्ये २००२ साली सापडला, व्हरमाँटमध्ये २०१८ साली. त्याने मारलेली झाडं ठिकठिकाणी पाडावी लागतात, आणि अंगणात एकदम इतके बुंधे येऊन पडतात की दोन हात पुरत नाहीत.

हायड्रॉलिक यंत्र घाव घालत नाही. ते दाबतं, आणि दाबत राहतं. ट्रॅक्टरची ट्रॉली उलटवणारा जॅक आणि जेसीबीचा हात ज्या तत्त्वावर चालतात, तेच इथे आहे. बंद जागेतल्या द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोहोचतो, हा सतराव्या शतकातल्या पास्कलचा नियम. जोसेफ ब्रामाने १७९५ साली त्यावर आधारलेल्या दाबयंत्राचं पेटंट घेतलं. लाकूड फोडायच्या यंत्रात इंजिन पंप फिरवतं, पंप टाकीतलं तेल ओढून व्हॉल्व्हकडे ढकलतो, आणि तुम्ही दांडी सारली की व्हॉल्व्ह ते तेल सिलिंडरमध्ये सोडतो. सिलिंडरचा दट्ट्या लाकडाला पोलादी पाचरीवर रेटतो, किंवा पाचरच लाकडात घुसवतो.

जोर किती येतो, हे कागदावर काढता येतं. दट्ट्याचा व्यास ४ इंच धरला तर क्षेत्रफळ सुमारे १२.५७ चौरस इंच. तेलाचा दाब चौरस इंचाला ३,००० पौंड. गुणाकार ३७,७०० पौंड, म्हणजे मेट्रिक मापाने १७ टन आणि अमेरिकी मापाने जवळपास १९. यंत्र विकत घेणाऱ्याने हा गुणाकार स्वतः करावाच. डब्यावर छापलेले टन आणि दट्ट्याच्या व्यासातून निघणारे टन जुळतात का, ते दोन मिनिटांत कळतं.

माझ्या मते या यंत्रातला सर्वांत हुशार भाग पंप आहे. ४ इंच व्यासाचा सिलिंडर २४ इंच सरकवायला जवळपास ५ लिटर तेल लागतं. मिनिटाला ११ गॅलन, म्हणजे ४२ लिटर तेल देणारा पंप हे काम ७ सेकंदांत करतो. पण तेवढाच प्रवाह ३,००० पौंडांच्या दाबाने द्यायचा तर १९ अश्वशक्तीहून मोठं इंजिन लागेल. म्हणून पंपात दोन टप्पे असतात. दट्ट्या लाकडापर्यंत पोहोचेपर्यंत आणि सोपं लाकूड फाटेपर्यंत दोन्ही टप्पे मिळून भरपूर तेल देतात. अडथळा लागून दाब साधारण ६५० पौंडांवर गेला की मोठा टप्पा आपोआप सुटतो आणि छोटा एकटाच, मिनिटाला ३ गॅलन तेल देत, दाब वर चढवतो. सायकलवर चढ लागला की गिअर उतरवावा, तसंच हे. वेग जातो, जोर येतो, आणि सहा-सात अश्वशक्तीच्या साध्या इंजिनावर काम भागतं. कानाला हे ओळखता येतं: इंजिनाचा आवाज जड होतो, दट्ट्या संथ होतो आणि गाठ कुरकुरत उलगडते. सरळ अ‍ॅश मात्र पहिल्याच टप्प्यात फाटून मोकळा होतो, कारण ६५० पौंडांवरही सिलिंडर पावणेचार टनांच्या आसपास जोर लावत असतो.

लाकूड वाचायची नजर यंत्रासमोरही लागते. बेचका असेल तर खालच्या, सरळ टोकाकडून पाचर शिरू द्यावी. मोठा बुंधा मधोमध फोडण्याचा हट्ट न धरता कडेने फाळ्या काढत आत जावं. दोन्ही टोकं चौरस कापलेली असावीत. तिरकं टोक दाब वाढला की सटकतं आणि ओंडका उसळतो. लाकूड आडवं ठेवून धाग्यांवरून कापायचा प्रयत्न कधीच करू नये, ते फुटून अंगावर येऊ शकतं. आणि पाठीला जपायचं असेल तर तुळई उभी करता येणारं यंत्र घ्यावं. १०० किलोचा बुंधा मग उचलावा लागत नाही, जमिनीवरून लोळवत पाचरीखाली आणता येतो.

आता हातांविषयी, आणि हे मी कळकळीने सांगतो. कुऱ्हाडीची भीती शरीराला उपजत असते. दट्ट्या हळू सरकतो, म्हणून त्याची भीती वाटत नाही, आणि बोटं तिथेच जातात. एकाने लाकूड ठेवायचं आणि दुसऱ्याने दांडी सारायची, ही पद्धत कितीही सोयीची वाटली तरी टाळावी. लाकूड ठेवणारा आणि दांडी हाताळणारा माणूस एकच हवा. ओंडका बाजूंनी धरावा, टोकांना कधीही नाही. पुढे जाताना दांडी धरून ठेवावी लागते आणि सोडली की दट्ट्या थांबतो, ही सोय मुद्दाम दिलेली आहे. दांडी दोरीने बांधून ठेवणारे लोक ती घालवून बसतात. नळीतून तेल झिरपताना दिसलं तर हाताने चाचपू नये. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून निघालेली धार कातडीतून आत शिरते, वरून जखम क्षुल्लक दिसते, पण शस्त्रक्रियेवाचून हात वाचत नाही असं होऊ शकतं. इंजिन बंद करावं, दाब उतरवावा आणि गळती शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा वापरावा. डोळ्यांना चष्मा, कानांना संरक्षण. यंत्र उघड्यावरच चालवायचं, दार उघडं ठेवलेल्या गॅरेजमध्येही नाही.

थंडीत तेल घट्ट होतं, म्हणून काम सुरू करण्याआधी इंजिन काही मिनिटं नुसतं चालू द्यावं आणि दट्ट्या रिकामाच दोन-चार वेळा मागे-पुढे करावा.

यंत्र आलं म्हणून कुऱ्हाड अडगळीत टाकू नये. सरळ, गोठलेलं लाकूड कुऱ्हाडीने अनेकदा यंत्रापेक्षा लवकर होतं, पेट्रोलही लागत नाही. आणि कापणं, वाहणं, रचणं ही कामं यंत्राने तसूभरही कमी होत नाहीत. वर्षाला एक-दोन कॉर्ड लागणाऱ्याने यंत्र विकत घेण्याऐवजी दिवसभरासाठी भाड्याने आणावं, हे मला जास्त शहाणपणाचं वाटतं. त्याआधी सगळे बुंधे १६ इंचांचे कापून ठेवावेत, सरळ ओंडके कुऱ्हाडीसाठी बाजूला काढावेत आणि गाठाळ, बेचक्याचे तेवढे यंत्राजवळ आणावेत. फोडलेलं लाकूड त्याच दिवशी रचायला घ्यावं: खाली दोन बल्ल्या, म्हणजे तळाच्या थराला जमिनीची ओल लागत नाही, वरून झाकण, आणि चारही बाजू वाऱ्याला मोकळ्या.