झाडीपट्टी रंगभूमी आणि स्पॅनिश दूरचित्रमालिका : बोली, लोकरंजन व जतन

प्रस्तावना :
गीत, अश्रू, विनोद आणि कौटुंबिक संघर्ष यांवर उभ्या असलेल्या लोकप्रिय मनोरंजनाकडे अभ्यासकांचे लक्ष उशिराच वळते. लॅटिन अमेरिकेतील स्पॅनिश दूरचित्रमालिका, म्हणजेच 'टेलेनोव्हेला', आणि चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा व गोंदिया या जिल्ह्यांतील झाडीपट्टी रंगभूमी ही अशा मनोरंजनाची दोन उदाहरणे होत. पहिली जगभर पोहोचली. दुसरी स्वतःच्या प्रदेशात भक्कम उभी असूनही बाहेर अल्पपरिचित राहिली. या फरकाचे मूळ बोलीत आहे की अन्यत्र, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

झाडीपट्टी रंगभूमीचे स्वरूप :
दंडार, खडीगंमत यांसारख्या लोककलांच्या भूमीत ही रंगभूमी वाढली. तिचा हंगाम दिवाळीपासून होळीपर्यंत असतो. कारण धान घरात आल्यावरच शेतकऱ्याच्या हाती पैसा व सवड येते. गावातील मंडळे वडसा (देसाईगंज) येथील नाट्यमंडळींशी प्रयोग ठरवितात आणि तिकीटविक्रीतून खर्च भागवितात. मंडई वा शंकरपटाच्या निमित्ताने पाहुणे येतात, सोयरिकी जुळतात आणि रात्री सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालते. संगीत हा या नाटकाचा प्राण आहे. शासकीय अनुदानापेक्षा प्रेक्षकाच्या तिकिटावर उभी असलेली ही व्यवस्था आहे. ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तर 'झॉलीवूड' हा या रंगभूमीवरील मराठी चित्रपट 2022 मध्ये प्रदर्शित झाला.

स्पॅनिश मालिकांचा प्रवास :
टेलेनोव्हेलाचे मूळ नभोवाणीच्या श्रुतिकांत आहे. फेलिक्स कैग्नेट यांची 'एल देरेचो दे नासेर' ही श्रुतिका क्युबात 1948 मध्ये गाजली. पुढे हाच कथाप्रकार दूरचित्रवाणीवर आला. कथेला निश्चित शेवट असणे हे त्याचे वैशिष्ट्य. संगीताशीही त्याचे नाते घट्ट आहे : मेक्सिकोतील 'रेबेल्दे' (2004-2006) या मालिकेतून 'आरबीडी' हा लोकप्रिय गायकवृंद जन्मास आला. कोलंबियातील 'यो सोय बेत्ती, ला फेआ' (1999-2001) या फर्नांडो गैतान लिखित मालिकेवरून हिंदीत 'जस्सी जैसी कोई नहीं' (2003-2006) तयार झाली. अशा रीतीने बोगोटा शहरातील कार्यालयाची कथा भारतीय घरांतही पोहोचली.

बोलीचा प्रश्न :
'बेत्ती'तील पात्रे बोगोटाच्या स्थानिक ढंगाची स्पॅनिश बोलतात. तरीही ती इतर स्पॅनिशभाषक देशांत लोकप्रिय झाली. म्हणजेच स्थानिक बोली हा प्रसाराच्या मार्गातील अडसर ठरला नाही. झाडीबोलीत 'ण' व 'ळ' यांऐवजी 'न' व 'र' येतात. 'पाणी'चे 'पानी', 'डोळा'चे 'डोरा' होते. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या बोलीचा सातत्याने अभ्यास केला आहे. रंगभूमीवर ती विनोदी पात्रांच्या तोंडी विशेष खुलते. परंतु बोली केवळ हसविण्यापुरती उरली, तर दुःख, प्रेम आणि विचार यांसाठी ती अपुरी आहे, असा समज तिच्याच भाषकांत रुजण्याचा धोका आहे.

स्पॅनिश मालिकांना ध्वनिचित्रमुद्रण, लिखित संहिता आणि हक्कांची विक्री यांचे पाठबळ होते. झाडीपट्टीतील प्रयोग मात्र त्या रात्रीचा असतो. नटाने प्रेक्षक पाहून ऐन वेळी घातलेले वाक्य पहाटेबरोबर विरून जाते.

निष्कर्ष :
झाडीपट्टी रंगभूमीजवळ प्रेक्षक आहे, अर्थव्यवस्था आहे आणि जिवंत बोलीही आहे. उणीव आहे ती जतनाची. 2011 मध्ये स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाच्या परिक्षेत्रातील महाविद्यालयांना या कामी पुढाकार घेता येईल. मंडळींच्या व लेखकांच्या संमतीने संहिता मिळविणे, प्रयोगांचे ध्वनिमुद्रण करणे, ज्येष्ठ कलावंतांच्या मुलाखती घेणे आणि नाटकांतील बोलीशब्दांचा कोश तयार करणे, ही कामे मराठी, संगीत व समाजशास्त्र विभागांनी एकत्रितपणे करण्याजोगी आहेत. विद्यार्थी याच गावांतून येतात. म्हणून या अभ्यासाचा पहिला माहितगार वर्गातच बसलेला असतो.