सूप सांडलं, विमा धावला

जर्मनीत एखादी सून अंथरुणाला खिळलेल्या सासूसाठी वाफाळतं सूप घेऊन निघाली आणि उंबऱ्यात पाय घसरून पडली, तर तो कायद्यानं कामावर झालेला अपघात ठरतो! कारखान्यात यंत्रात बोट सापडलेल्या कामगाराला जो अपघात विमा, तोच हिला. हप्ता तिनं भरायचा नाही, आधी कुठं नाव नोंदवायचं नाही. सासूची परावलंबनाची श्रेणी पाचांपैकी किमान दुसरी हवी आणि आठवड्यातून दोन किंवा जास्त दिवस मिळून १० तास सेवा व्हायला हवी, एवढंच. सेवा करणारा मुलगा असो, नवरा असो, बिनपगारी शेजारीण असो, सगळ्यांना हेच. मात्र तीच सून स्वतःपुरता चहा करायला उठली आणि पडली, तर हा विमा नाही. एकाच ओट्यापाशी नोकरी कुठं संपते आणि संसार कुठं सुरू होतो, हे तिथल्या कायद्यानं ठरवून टाकलंय.

पुढची गोष्ट मला त्याहून अचाट वाटते. बाहेरची नोकरी आठवड्याला ३० तासांच्या आत असेल, तर हिच्या पेन्शनचा हप्ता शुश्रूषा विम्याचा निधी भरतो. म्हणजे सासूच्या उशाशी गेलेली वर्षं म्हातारपणी हिच्या स्वतःच्या नावावर जमा असतात.

शुश्रूषा विम्याचा पैसा येतो पगारातून. १ जानेवारी १९९५ला, नॉर्बर्ट ब्ल्यूम कामगारमंत्री असताना, हा विमा सुरू झाला. २०२५पासून त्याचा दर पगाराच्या ३.६ टक्के आहे. मूल नसेल तर वर आणखी ०.६. (तिकडे नोकरी करणाऱ्या आपल्या मराठी मुलामुलींच्या पगारातूनही ही कपात होते.) निम्मा वाटा मालकांचा. पण हा बोजा आम्हीच का उचलायचा, म्हणून मालक अडून बसले. तोड काय निघाली? एक सुट्टीच रद्द केली! नोव्हेंबरातल्या एका बुधवारी येणारा, प्रोटेस्टंटांचा प्रायश्चित्ताचा आणि प्रार्थनेचा दिवस. त्या दिवशी देशानं कामावर जायचं आणि त्या कमाईतून मालकांची भरपाई व्हायची. एकटं सॅक्सनी राज्य अडून राहिलं. तिथं ती सुट्टी आजही आहे, आणि तिच्यापायी तिथले नोकरदार मालकांपेक्षा एक टक्का जास्त भरतात.

रोख रकमेत मात्र सरकारचा हात आखडतो. तिसऱ्या श्रेणीच्या रुग्णाकडे संस्थेची परिचारिका येणार असेल, तर महिन्याला १,४९७ युरोपर्यंतचा खर्च मिळतो. घरचंच माणूस करणार असेल तर ५९९. काम तेच, मोल निम्म्याहूनही कमी. हा हिशेब काही केल्या पटत नाही. शिवाय हे ५९९ युरो सुनेला मिळतच नाहीत, ते रुग्णाचे. त्यातले सुनेच्या हातावर किती ठेवायचे, ते सासूबाई ठरवणार.