मोतीबिंदूची विनामूल्य शस्त्रक्रिया आणि तिचा उरलेला खर्च

आपल्या सभासद बंधूंपैकी पुष्कळजण नेत्रशिबिरांस सढळ हाताने देणगी देतात. औषधदानाची आपली परंपरा पाहता त्यात नवल काहीच नाही. तथापि दिलेला रुपया कोठपर्यंत पोहोचतो आणि कोठे अडतो, याची चौकशी व्यापाऱ्याने करावयास हवी. आम्ही धान्याचे घाऊक व्यापारी. वैद्यकात आमची गती नाही. परंतु हैदराबादच्या बाजारात उभा जन्म गेल्यावर जे दिसले व जाणत्यांस विचारून जे समजले, ते येथे मांडीत आहोत.

डोळ्याच्या बाहुलीमागे एक पारदर्शक नैसर्गिक भिंग असते. वयोमानाने ते गढूळ होते, तोच मोतीबिंदू. त्यावर थेंब, अंजन वा चूर्ण काही चालत नाही. गढूळ भिंग काढून कृत्रिम भिंग बसविणे हा एकच उपाय. असे भिंग डॉ. हॅरॉल्ड रिडले यांनी लंडनमध्ये १९४९ साली प्रथम बसविले. त्यापूर्वी, आणि आपल्याकडे त्यानंतरही कित्येक वर्षे, शस्त्रक्रिया झाली की जाड भिंगाचा चष्मा नशिबी येई; म्हणून मोतीबिंदू ‘पिकेपर्यंत’ थांबण्याचा सल्ला मिळत असे. तो सल्ला आता कालबाह्य झाला आहे. अतिपक्व मोतीबिंदू फुगून डोळ्यातील दाब वाढतो, आणि मग गेलेली दृष्टी परत येत नाही.

आपल्या शहरात गरिबास या कामी दारे उघडी आहेत. मेहदीपट्टणमचे सरोजिनीदेवी नेत्र रुग्णालय सरकारी आहे. बंजारा हिल्सवरील एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था डॉ. गुल्लपल्ली नागेश्वर राव यांनी १९८७ साली सुरू केली. ‘एक दूजे के लिए’ या चित्रपटाचे निर्माते एल. व्ही. प्रसाद यांच्या कुटुंबाने तीस जमीन व द्रव्य दिले. येथील निम्म्याहून अधिक सेवा विनामूल्य असते. ऐपतदारांचे शुल्क व दात्यांच्या देणग्या यांवर तो भार तोलला जातो. ऐपतदारास खोलीच्या सोयी अधिक मिळतात, शस्त्रक्रियेच्या दर्जात मात्र भेद केला जात नाही. आमच्या मते हा हिशेब कोणत्याही खतावणीत शोभावा असा आहे.

या संस्थेने आपले पहिले ग्रामीण केंद्र १९९६ साली मुधोळ येथे काढले व त्यास भोसले गोपाळराव पटेल यांचे नाव दिले. १९५६ पर्यंत मुधोळ तालुका नांदेड जिल्ह्यात होता. आज तो तेलंगणच्या निर्मल जिल्ह्यात मोडतो, तरी तेथे मराठी कानी पडतेच. संस्थेच्या रचनेत असे एक केंद्र सुमारे पाच लाख लोकसंख्येसाठी असते, आणि त्याखालील लहान तपासणी केंद्र पन्नास हजारांसाठी. राजधानीपर्यंतचे भाडे, सोबतीच्या माणसाचा खाडा आणि अनोळखी शहराची धास्ती ही तिन्ही ओझी त्यामुळे उतरतात. म्हातारी बाई तर ‘मला आता काय पाहायचे आहे’ म्हणून घरीच बसते. तिच्यासाठी दवाखानाच जवळ यावा लागतो.

आता बाजाराकडे वळू. आमच्या पेढीवरील एक वयस्क हमाल पोत्यांवरील खुणा बोटांनी चाचपून ओळखू लागला होता. शस्त्रक्रियेस एक पैसाही लागणार नाही असे सांगूनही तो चार महिने गेला नाही. खोदून विचारता त्याचे गणित समजले : शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे डोळ्यात थेंब घालावयाचे, धूळ टाळावयाची आणि डॉक्टर सांगतील तोवर जड ओझे उचलावयाचे नाही. ज्याची मजुरी पोत्यागणिक ठरते, त्याने हे दिवस काढावे कसे? शिवाय आमच्या गोदामात धुळीखेरीज दुसरे आहे तरी काय! आम्ही त्यास महिनाभर फाटकावर आवक लिहिणाऱ्याच्या मदतीस बसविले आणि नेहमीची हमाली दिली. तेव्हा कोठे तो तयार झाला. ही रक्कम कोणत्याही देणगीच्या पावतीत येत नाही. ती पेढीनेच आपल्या नावे टाकावयाची असते.

विमा आहे ना, असे कोणी म्हणेल. पोत्यावर काम करणारा बहुधा कोणाच्याच हजेरीपत्रकावर नसतो, मग विम्यात कोठून येणार? मुनीम व दिवाणजींसाठी पॉलिसी घेताना मात्र बारीक अक्षरे वाचावीत. २०२० साली आलेल्या ‘आरोग्य संजीवनी’ या नमुना पॉलिसीत मोतीबिंदूसाठी दोन वर्षांची प्रतीक्षा ठेवलेली होती, आणि एका डोळ्यास चाळीस हजार रुपये किंवा विम्याच्या रकमेचा चौथा हिस्सा, यांपैकी जे कमी असेल तेवढीच मर्यादा होती. साठीच्या माणसास दोन वर्षे थांबा म्हणणे म्हणजे पूर्वीच्या ‘पिकू द्या’चीच नवी आवृत्ती झाली.

एक गोष्ट सोयीची आहे. मोतीबिंदू हिवाळ्यातच काढावा अशी समजूत अद्याप घरोघरी आढळते. डॉक्टर आता ही शस्त्रक्रिया बारमाही करतात. आपल्याकडे दिवाळीपासून पुढे आवक जोरात असते आणि त्या दिवसांत हमाल कामावरून हलत नाही; आषाढ-श्रावणात गाड्या कमी येतात. तपासणी ज्येष्ठात उरकून शस्त्रक्रियेचा दिवस मंदीच्या महिन्यांत घेतला, तर त्याची मजुरी कमी बुडते आणि बैठे काम देणे पेढीसही जड जात नाही. ज्यांच्या गोदामात असे कोणी असतील, त्यांनी त्यांची नावे अक्षय्य तृतीयेपर्यंत संघाच्या कचेरीत द्यावीत. तपासणीस एकत्र नेण्यासाठी वाहनाची व्यवस्था आम्ही आमच्याकडे घेतली आहे.