बिनतारी विश्व (लेखांक सातवा) : झोत आणि झावळी

मागील लेखांकात आपण पाहिले की, सरकारी लिलावात मिळणारा वारंवारतांचा पट्टा मोजका असतो आणि त्यावर हक्क सांगणारे फोन मात्र दिवसेंदिवस वाढत जातात. तेव्हा तोच पट्टा एकाच गावात, एकाच क्षणी अनेकांना वापरू देता येईल काय, हा दाट वस्तीतील मोबाइलच्या जाळ्यापुढचा मूळ प्रश्न होय. लहरी दशदिशांना उधळण्याऐवजी त्यांचा झोत करून तो ज्याच्या त्याच्या फोनवर रोखावा, हे त्याचे आजचे उत्तर आहे. झोतामुळे लहर लांब पोहोचते, ही समजूत खोटी नाही. परंतु एकाला दिलेला झोत शेजाऱ्यास उपद्रव देत नाही, आणि म्हणून शेजाऱ्यास त्याच वारंवारतेवर दुसरा झोत देता येतो, हा त्याचा गुण मला अधिक मोलाचा वाटतो.

ही कल्पना आपल्या मुलखाला परकी नाही. २३ जुलै १९२७ रोजी लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते इंग्लंडशी थेट बिनतारी संदेशवहन सुरू झाले, त्याचे प्रक्षेपण केंद्र पुण्याजवळ खडकीस आणि ग्रहण केंद्र दौंडास होते. मार्कोनी कंपनीतील फ्रँकलिन या अभियंत्याने योजलेल्या पद्धतीप्रमाणे उंच मनोऱ्यांवर तारांचा पडदा टांगून तेथे लहरींचा झोत साधला जाई. लहरच कित्येक मीटर लांबीची, म्हणून पडदाही अवाढव्य लागे, आणि इंग्लंडच्या रोखाने एकदा बांधलेला तो झोत जागचा हलत नसे. मिलिमीटरांत मोजण्याजोग्या आखूड लहरींचे प्रयोग तर जगदीशचंद्र बसूंनी त्याच्याही आधी, १८९५ च्या सुमारास, कलकत्त्यात करून दाखवले होते.

आज तेच काम तळहाताएवढ्या फळीवर होते, याचे कारण लहर आखूड झाली. २६ गिगाहर्ट्झची लहर जेमतेम साडेअकरा मिलिमीटरांची. अर्ध्या लहरीच्या अंतराने सोळा ओळींत सोळा-सोळा मांडलेले २५६ चिमुकले अँटेना सव्वानऊ सेंटिमीटरांच्या चौरसात मावतात. प्रत्येकास संदेश तोच दिला जातो, परंतु क्षणाच्या अत्यल्प अंशाने मागेपुढे करून, आणि तोही अशा हिशेबाने की इष्ट दिशेस जाणाऱ्या सर्व लहरींचे माथे एकावर एक यावेत, तर इतर दिशांना एकीच्या माथ्यावर दुसरीचा खळगा येऊन त्या परस्परांस बहुतांशी मारून टाकाव्यात. हिशेब बदलला की झोत वळतो. दीपगृहात प्रकाश फिरवण्यास भिंग फिरवावे लागते, येथे काहीच हलत नाही. अशा फळीचा झोत सुमारे साडेसहा अंशांचा, म्हणजे दोनशे मीटरांवर बावीस-तेवीस मीटर रुंदीचा भरतो. फोन कोठे आहे हे समजण्यासाठी मनोरा बहुधा सेकंदाच्या पन्नासाव्या हिश्शागणिक निरनिराळ्या दिशांना ओळखीचे झोत क्रमाने सोडतो, या उच्च पट्ट्यात ६४ पर्यंत. फोन त्यांतील सर्वांत स्पष्ट झोताचा क्रमांक उलट कळवतो, आणि माणूस चालू लागला की ही निवड पुन्हा पुन्हा होत राहते.

हा २६ गिगाहर्ट्झचा पट्टा २०२२ च्या लिलावात जिओ आणि एअरटेल यांनी देशभरासाठी घेतला. रायगडच्या किनाऱ्यावर त्याचा उपयोग कोठे? भाऊच्या धक्क्यावरून निघालेली रो-रो बोट मांडव्यास लागली की उतरणारे सारे एकदम फोन काढतात. नाताळच्या सुट्टीत अलिबागच्या पुळणीवर तर रेंजच्या दांड्या भरलेल्या दिसूनही चित्र पुढे सरकत नाही, कारण तेथे उणीव लहरीच्या जोराची नसून वाट्याची असते. मोकळा धक्का, मोकळी पुळण, मध्ये आडोसा नाही: झोतास याहून अनुकूल स्थळ मिळणे कठीण.

परंतु तेथून नागाव-रेवदंड्याच्या वाड्यांत शिरले की परिस्थिती पालटते. पावसाचे भय वाटते तितके खरे नाही. तासाला १०० मिलिमीटरच्या वेगाने कोसळणाऱ्या सरीतही ही लहर दोनशे मीटरांत पावसापायी सुमारे निम्मीच गमावते, आणि तेवढी तूट सोसण्याची तजवीज जाळे आखतानाच करता येते. खरा अडसर झावळीचा आहे. नारळीच्या झावळीचे एकेक पाते या लहरीच्या लांबीहून रुंद, अंगचे पाणी धरून असलेले, आषाढात वरूनही निथळणारे. अशा पात्यांचे थरावर थर ओलांडून पलीकडच्या ओटीवर पोहोचेपर्यंत लहरीत फारसे त्राण उरत नाही, आणि जांभ्याची भिंत तर तिला घरात शिरूच देत नाही.

म्हणून वाड्यांतील घरांसाठी ३३०० मेगाहर्ट्झचा पट्टा आणि त्याहून खालचे पट्टेच इष्ट, असे मी आग्रहाने म्हणेन. ३३०० ची लहर नऊ सेंटिमीटरांची असल्यामुळे फळी मोठी आणि झोत साधारणतः रुंद होतो खरा, पण पानांतून ती पुष्कळ अधिक निभावते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने ज्या वाड्या आडव्या केल्या, त्या बागाईतदारांनी कष्टाने पुन्हा उभ्या केल्या आहेत, आणि माड फळास येण्यास वर्षे लागतात. लहरीची वाट मोकळी करण्यासाठी त्यांवर कोयता चालवण्याची सूचना कोणाकडूनही येता कामा नये. झाडाआडच्या घरास दुसऱ्या बाजूने झोत मिळेल अशी दुसरी फळी बसवावी, आणि त्या खर्चाची तरतूद जाळ्याच्या आराखड्यातच करावी. अशी प्रत्येक वाढीव फळी मुख्य जाळ्यास बहुधा काचतंतूनेच जोडावी लागते. खाड्यांनी तुटलेल्या या किनाऱ्यावर ते तंतू कसे न्यावेत, हा पुढील लेखांकाचा विषय.