पैसे गेले, तिकीट कुठे?

मनमाडच्या पुढे, भुसावळच्या वाटेवर नांदगाव. तिथून मुंबईचं तिकीट मोबाइलवर काढताना एका बटणामागे अनेक संगणकसेवा कामाला लागतात. आयआरसीटीसी विनंती घेते, पेमेंट गेटवे बँकेकडून पैसे आणतो आणि रेल्वेच्या ‘क्रिस’ची आरक्षण यंत्रणा बर्थ देऊन दहा अंकी पीएनआर पाठवते. पैसे भरेपर्यंत बर्थ राखून ठेवलेला नसतो. म्हणूनच कधी पैसे कापले जातात आणि तिकीट मात्र मिळत नाही.

असे प्रसंग आधीच कागदावर पडताळता येतात. जर्मन शास्त्रज्ञ कार्ल ॲडम पेत्री यांच्या 1962 च्या प्रबंधातून निघालेली ‘पेत्री जाळी’ त्यासाठीच आहेत. वर्तुळ म्हणजे स्थिती, चौकोन म्हणजे कृती, वर्तुळातला ठिपका म्हणजे टोकन. चौकोनाकडे बाण सोडणाऱ्या प्रत्येक वर्तुळात टोकन असेल तरच ती कृती घडते. ती टोकनं उचलते आणि पुढच्या वर्तुळांत नवी ठेवते. एकेरी लोहमार्गावर टोकनाचा गोळा मिळाल्याशिवाय ड्रायव्हर गाडी पुढे नेत नसे, तसंच हे.

‘पैसे मिळाले’ या वर्तुळातून दोन वाटा फुटतात: बर्थ मिळाला तर पीएनआर, नाही तर रिफंड. डच संशोधक विल व्हान डर आल्स्ट यांची कसोटी सांगते की कुठूनही शेवट गाठता आला पाहिजे, शेवटी मागे एकही टोकन उरता कामा नये आणि कोणतीही कृती कायमची निरुपयोगी नसावी.

पण कोणता गेटवे वापरायचा हे ऐन वेळी ठरतं. मग चित्रात एक रिकामा चौकोन सोडायचा, एक वाट आत आणि एक बाहेर. त्यात बसवलेलं छोटं जाळं स्वतः कसोटीला उतरत असेल आणि कुठल्याही वर्तुळात एका वेळी एकाहून जास्त टोकन येत नसेल, तर मूळ जाळ्याचा निर्दोषपणा टिकतो. प्रत्येक जोडीसाठी सगळं पुन्हा तपासावं लागत नाही. मला या शास्त्रातली ही सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

खरी अडचण मौनाची. गेटवेचं उत्तर आलं नाही याचा अर्थ त्याने नकार दिला असा होत नाही. तेवढ्यात दुसऱ्या गेटवेकडे वळलो आणि पहिल्याचा होकार उशिरा पोचला, तर दोन टोकनं तयार होतात. प्रवाशाचे पैसे दोनदा जातात. जाळ्यात हे उरलेलं टोकन लगेच दिसतं. म्हणून तिसरी वाट काढायची: आधी त्याच व्यवहार क्रमांकाची स्थिती विचारायची, उत्तर येईपर्यंत दुसरीकडे जायचं नाही, आणि मुदत संपल्यावर आलेलं टोकन थेट रिफंडच्या चौकोनाकडे वळवायचं.