पाण्याखालची चित्रफीत पाहताना

तलावाच्या काठावर उभ्या असलेल्या प्रशिक्षकाला जलतरणपटूची जी हालचाल स्पष्ट दिसते, ती बहुधा कमी महत्त्वाची असते. पाण्यावरून डौलाने पुढे येणारा हात पाहणाऱ्याला सुखावतो. मात्र शरीर पुढे सरकते ते त्याच हाताने पाण्याखाली केलेल्या कामामुळे. नेमक्या त्याच कामावर फेस, चकाकी आणि प्रकाशाचे वक्रीभवन यांचा पडदा असतो. त्यामुळे 'कोपर खाली पडते आहे' असे काठावरून ठामपणे सांगणे अनुभवी प्रशिक्षकालाही अवघड जाते. पाण्याखालून टिपलेल्या चित्रफिती घरच्या संगणकावर आल्या आणि हा पडदा दूर झाला. तालुक्याच्या गावातील तलावावर शिकणारा मुलगादेखील आज ऑलिंपिक विजेत्याचा हात हव्या त्या क्षणी थांबवून न्याहाळू शकतो. आता प्रश्न उरतो तो, जे दिसते त्याचा अर्थ बरोबर लावण्याचा.

हा प्रश्न किरकोळ नाही. अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाचे प्रशिक्षक जेम्स काउन्सिलमन यांच्यासारखा जाणकारही येथे चकला होता. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये सात सुवर्णपदके जिंकणारा मार्क स्पिट्झ हा त्यांचाच शिष्य. काउन्सिलमन यांनी पाण्याखालील चित्रीकरणाला अभ्यासाचे साधन बनवले आणि १९६८ साली 'द सायन्स ऑफ स्विमिंग' हा ग्रंथ लिहिला. हात सरळ ठेवून वल्ह्यासारखा ओढावा, असे पूर्वी शिकवले जात असे; उत्तम जलतरणपटू पाण्याखाली कोपर वाकवतात हे चित्रफितींनी दाखवून दिले. पुढे त्यांनी जलतरणपटूंच्या बोटांना दिवे बांधून अंधारात त्यांचे चित्रीकरण केले. हाताचा मार्ग सरळ नसून वळणदार आहे, असे त्यात आढळले. त्यावरून त्यांनी निष्कर्ष काढला, की विमानाच्या पंखावर निर्माण होते तशा उचल देणाऱ्या बलामुळे शरीर पुढे जाते. मग जगभरच्या तलावांवर मुले इंग्रजी 'एस' अक्षर पाण्यात मुद्दाम गिरवू लागली.

चित्रफितीत दिसले ते खरेच होते. चूक अर्थ लावण्यात झाली. फ्रीस्टाइल पोहताना धड डाव्या-उजव्या कुशीवर कलते. त्या कलण्यामुळेच हाताच्या मार्गाला बरेचसे वळण आपोआप मिळते. हाताने पाणी मागे ढकलताना होणाऱ्या विरोधाचा वाटा काउन्सिलमन यांनी मानला त्यापेक्षा बराच मोठा आहे, हे पुढील संशोधनातून स्पष्ट झाले. जाणूनबुजून काढलेला 'एस' हा परिणामालाच कारण मानण्याचा प्रकार होता, आणि त्यापायी कित्येक शिकाऊंची मेहनत हात आडवातिडवा फिरवण्यात गेली.

म्हणूनच चित्रफीत सुरू करताना पहिला प्रश्न विचारावा तो कॅमेऱ्याविषयी: तो जागेवर स्थिर आहे, की जलतरणपटूच्या बरोबरीने सरकतो आहे? दूरचित्रवाणीवरील बहुतेक दृश्यांत कॅमेरा सरकता असतो. त्यामुळे शरीर पडद्यावर स्थिर भासते आणि हात वेगाने मागे गेल्यासारखा दिसतो. स्थिर कॅमेऱ्याच्या चित्रफितीत याच्या अगदी उलट चित्र दिसते. मागच्या भिंतीवरील एखादी फरशी खूण म्हणून धरावी आणि पंजावर लक्ष ठेवावे. पंजा पाण्यात जवळपास एके ठिकाणी रोवल्यासारखा राहतो आणि शरीरच त्याच्यावरून पुढे निघून जाते. कुशल जलतरणपटूचा हात शिरला तिथेच, क्वचित त्याच्याही थोडा पुढे, बाहेर पडतो. हे एकदा पाहिले, की 'पाणी पकडणे' म्हणजे काय, ते वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

दुसरी फसगत पाण्याच्या पृष्ठभागाची. खालून तिरपे पाहिल्यास पृष्ठभाग आरशासारखे काम करतो. पूर्ण आंतरिक परावर्तनामुळे जलतरणपटूची उलटी प्रतिमा वर दिसते आणि नवख्याला चार हातांचा माणूस पोहत असल्याचा भास होतो! अशा वेळी खालची आकृती खरी मानावी.

वेगाचेही भान ठेवायला हवे. वेगवान फ्रीस्टाइलमध्ये हाताचे एक आवर्तन सुमारे एका सेकंदात पूर्ण होते. सेकंदाला २५ चित्रे असलेल्या चित्रफितीत एका आवर्तनाची जेमतेम २५ चित्रे मिळतात, आणि कोपर उंच ठेवून पंजा खाली वळवण्याचा मोलाचा क्षण त्यातील मोजक्या चित्रांतच सरतो. म्हणून एकेक चित्र पुढे नेत पाहणे आवश्यक ठरते. व्हीएलसी प्लेअरमध्ये 'ई'ची कळ दाबून ते करता येते. यूट्यूबवर चित्रफीत थांबवून पूर्णविरामाच्या कळीने पुढे आणि स्वल्पविरामाच्या कळीने मागे जाता येते. मात्र प्रारंभी दोन-तीन वेळा मूळ वेगातच पाहावे. संथगतीत लय हरवते, आणि लयीवाचून पोहणे नाही.

चित्रफीत कोणत्या वर्षाची आहे, याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये १०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकची शर्यत जपानच्या कोसुके किताजिमाने अमेरिकेच्या ब्रेंडन हॅन्सनपेक्षा ०.१७ सेकंद आधी संपवली. पाण्याखालील दृश्यांत दिसलेल्या त्याच्या डॉल्फिन किकवरून वाद उसळला; तेव्हा नियमाने ती निषिद्ध होती. २००५ मध्ये प्रारंभी आणि प्रत्येक वळणानंतर अशी एक किक मारण्याची मुभा मिळाली. त्यापूर्वीच्या चित्रफितीवरून ब्रेस्टस्ट्रोकचे वळण शिकणारा विद्यार्थी आज उगाच मागे पडेल. तीच गोष्ट २००८ आणि २००९ मधील विक्रमी शर्यतींची. त्या काळच्या विशेष पोशाखांमुळे शरीर पाण्यात अधिक वर तरंगे. २०१० च्या प्रारंभापासून त्यांवर बंदी आली. ती तरंगण्याची पातळी साध्या पोशाखात गाठण्याचा अट्टहास धरणाऱ्याच्या पदरी निराशाच येईल.

विजेत्याला पाहून झाल्यावर स्वतःला पाहणे ओघानेच येते, आणि खरा उपयोग तिथेच आहे. जलरोधक कॅमेरा किंवा जलरोधक आवरणातील मोबाइल एखाद्या मित्राने पाण्याखाली स्थिर धरला तरी काम भागते. सार्वजनिक तलावावर व्यवस्थापनाची आणि चित्रात येणाऱ्या इतरांची परवानगी मात्र आधी घ्यावी. बंदिस्त तलावातील अंधूक प्रकाशात हात पुसट येतो, म्हणून चित्रीकरण उजेडातच करावे. एकदा बाजूने आणि एकदा समोरून, एवढे पुरते. किनोव्हिया या मोफत प्रणालीत दोन चित्रफिती शेजारी शेजारी ठेवता येतात आणि कोपराचा कोनही मोजता येतो. दोन्हींतील पंजा पाण्यात शिरण्याचा क्षण जुळवून घेतल्याशिवाय ही तुलना करू नये. बारा वर्षांच्या मुलाचे खांदे आणि हाताची लांबी विजेत्यासारखी नसते; त्यामुळे कोनाचा आकडा हुबेहूब जुळवण्याचा हट्ट नको. पंजा आणि कोपरापुढचा हात मिळून पाण्याला मागे ढकलतो आहे, की नुसताच खाली दाबतो आहे, इतकेच त्या दोन चित्रांत शोधावे.